‘माझाच दहावा’चं शूटिंग

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय.

ज्याच्यासोबत घडलं तो ललित माझा सख्खा मावसभाऊ. अजून नाशिकमध्येच राहतो. थट्टेतसुद्धा खोटं बोलणाऱ्यातला नाही.

आणि आधीच सांगून ठेवतो. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती, वडाचं झाड तर नव्हतंच.

भर दुपार होती.

दोन हजार चारचा मे महिना. मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या कडेला, झेंडूचं वावर.

ललितचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. दिवसभर खांद्यावर कॅमेरा, आणि घरी आलं की मिक्सिंग. नवरीच्या तोंडाभोवती बदामाचा आकार, मामा पोरीला आणताना स्लो मोशन. त्या वर्षी लग्नतिथी एवढ्या दाट होत्या की पोराचे डोळे सुजले होते. बसल्या जागी झोपायचा बिचारा.

अशात मयूर आला.

मयूर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. माळ्याघरचा, एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला. आई साळूबाई. पहाटे फुलं तोडायची, पाट्या भरून मार्केटला न्यायची, आणि उरलेला सगळा वेळ पोराला हाका मारायची.

“मयऱ्या, ऊन हाय, टोपी घाल! मयऱ्या, जेवला का?”

पोरगं जेवल्याशिवाय ही बाई घास तोंडात घालत नसे.

“आई, जरा गप ना!” मयूर चिडायचा.

तेव्हा केबलवर रॅपचं लई वेड. मयूर म्हणाला, आपण मराठीत करू. आणि असं करू की गावानं दगड घेऊन मागं लागलं पाहिजे.

गाण्याचं नाव ‘माझाच दहावा’. त्यात देवाला शिव्या, पुढाऱ्यांना शिव्या, भावकीला तर विचारूच नका. आणि धृपद असं...

‘मेलो मी कवाच, आता कोण मला मारतो?
माझ्याच दहाव्याला मीच पिंड चारतो!’

ललित म्हणाला, “अरे, हे बरं नाही.”

“तू कॅमेरा धर फक्त. बाकी आपलं डोकं.”

साळूबाई मार्केटला गेलेली बघून पोरांनी वावरात सेट मांडला. झेंडूच्या मधोमध न्हाव्याची खुर्ची. खुर्चीत मयूर, गळ्यात पिवळी जाड साखळी. भोवती द्राक्षाच्या फवारणीचे मास्क घालून नाचणारी पोरं. एका बाजूला दार उघडा फ्रिज, आत ठासून फुलकोबी.

“फ्रिज कशाला रे?” ललितनं विचारलं.

“कशालाच नाय. म्हणून तर भारी दिसतंय.”

खुर्चीसमोर मयूरचाच फोटो, हार घातलेला.

आणि फोटोपुढे, पत्रावळीवर... भाताचे पिंड.

सगळं गाणं शूट झालं. राहिला एकच शॉट. मयूर खुर्चीत बसून गातोय आणि कावळा पिंडाला शिवतोय.

कावळे बांधावर येऊन बसले होते. ओळीनं.

पण एकही खाली उतरेना.

वर ऊन असं की कॅमेऱ्याला हात लावला तर भाजेल. पोरं आता चेकाळली. दहाव्याला करतात तसं कावळ्यांपुढे हात जोडून एकेक बोलू लागली.

“मयूरभाऊ, तुझ्या नावानं जिम काढू! शिव!”

“तुझी गाडी मी चालवीन, हप्ते तूच भर!”

हशा. कावळे जागचे हलले नाहीत.

ललित तीन लग्नं उरकून तसाच आलेला. पाय भरून आलेले, डोळ्यापुढे काजवे. त्याला दुसरं काहीच नको होतं. हा एक शॉट मिळावा आणि घरी जाऊन आडवं व्हावं, बस.

तो वैतागून ओरडला, “अरे शिव बाबा एकदाचा! तुझ्या आईला मी सांभाळीन. मुलगा होऊन सांभाळीन. शिव आता!”

हशा थांबला...

एक कावळा उतरला. सरळ चालत आला. पिंडाला चोच लावली आणि उडून गेला.

मग सगळेच उडाले. एकही ओरडला नाही.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मयूर मात्र खुर्चीत तसाच बसून होता.

“ललित, मला एकदम थंडी वाजली रे,” तो म्हणाला. “एवढ्या उन्हात.”

आवराआवर चालली होती तेवढ्यात साळूबाई रिक्षातून उतरली. आज लवकर आली! मयूरनं घाईघाईनं फोटो पाठीमागे लपवला. आता चपलेनं मार बसणार, हे ठरलेलंच.

ती रिकाम्या पाट्या घेऊन बांधावरून आली.

खुर्चीजवळून गेली...

आणि थेट ललितच्या पुढ्यात थांबली. पदरानं त्याचं तोंड पुसलं.

“केवढं तोंड उतरलंय माझ्या लेकराचं. घरी चल, दोन घास खा.”

ती गेल्यावर मयूर हसला. “वाचलो! बघितलंच नाय तिनं.”

ललितला हसू आलं नाही. का ते त्यालाही कळलं नाही.

घरी येऊन त्यानं कॅमेरा टीव्हीला जोडला. गाणं झकास आलं होतं. कावळा उतरेपर्यंत.

त्यानंतर...

पोरं दिसत होती. फ्रिज दिसत होता.

खुर्ची रिकामी होती.

तिच्याभोवती पोरं शिट्ट्या मारत नाचत होती. टेप खराब असेल म्हणून ललितनं ती काढली, कॅमेऱ्याचं हेड पुसलं, टेप पुन्हा लावली. तेच.

दुसऱ्या दिवशी मयूर दारात. डोळे लाल.

“आई बोलत नाय रे. सकाळपासून एक हाक नाय. ताटसुद्धा मांडलं नाय.”

“तिला कळलं असणार. चल, मी माफी मागतो.”

साळूबाईनं ललितला पाहिलं आणि चेहरा खुलला. पाट मांडला, गरम भाकरी वाढली. एकच ताट. मयूर त्याच्या शेजारी उभा.

“मावशी, मयूरला पण वाढा ना.”

“कोण मयूर? तुझा दोस्त व्हय? बोलव की मग.”

ललितच्या हातातला घास हातातच राहिला.

“आई,” मयूर म्हणाला.

साळूबाईनं खिडकीकडे पाहिलं.

“आई, इकडं बघ ना! आई!”

“हा मेला कावळा,” साळूबाई म्हणाली. “कालपासून डोकं उठवलंय. कुठला पाव्हणा यायचाय कुणास ठाऊक.”

बाहेर कावळा नव्हता. ललितनं उठून बघितलं. पत्र्यावर नाही, झाडावर नाही, तारेवरसुद्धा नाही.

तो तसाच घरी पळाला आणि कॅमेरा घेऊन परत आला. कावळा उतरायच्या आधीचा भाग तर शाबूत होता. मयूर सगळ्या पडद्यावर दिसत होता, हातवारे करत. त्यानं साळूबाईला टीव्हीपुढे बसवलं.

“बघा मावशी. हा तुमचा मयूर. बघा ना!”

ती पदर सावरून अगदी मन लावून बघत होती.

“पोरं मस्त नाचत्यात,” ती म्हणाली. “पण खुर्ची का रं रिकामी ठेवली?”

मयूर तिच्या पायाशी बसला होता. त्याच्या तोंडून हंबरडा फुटला.

साळूबाई दचकून उठली. खिडकीशी जाऊन टाळ्या वाजवू लागली.

“हुश्श! हुश्श! जा रं बाबा, जा इथून!”

व्हिडिओतली पोरंसुद्धा विचारू लागली, आपण कुणाचं गाणं केलं रे? ललितनं रामकुंडावर जाऊन जाणत्यांना गाठलं. हात जोडले, शब्द मागं घेतो म्हणाला. जाणते म्हणाले, कावळा शिवला की शिवला. त्यात मागं घेण्यासारखं काही नसतं.

मयूर मग ललितच्या मिक्सिंगच्या खोलीत येऊ लागला. रोज आईच्या खिडकीशी हाका मारून थकला की इथं दारात उभा राहून हाक मारायचा.

“ललित... ए ललित...”

“ओ,” ललित म्हणायचा. “ये, बस.”

मग त्याच्या अंगात जरा जीव आल्यासारखा व्हायचा. एकदा तो म्हणाला, “तू ओ दिली की मी हाय असं वाटतं. तेवढं सोडू नको, भावा. बाकी कुणाला मी ऐकूच जात नाय.”

ललितनं सोडलं नाही. वर्षानुवर्षं. साळूबाईलाही सांभाळलं. औषधपाणी, लाईट बिल, दिवाळीचं लुगडं. गाव म्हणायचं, पोटचा पोरगासुद्धा एवढं करत नाही.

लग्न झालं. बायको मंजुषा विचारायची, “खोलीत एकटेच कुणाशी बोलता हो?” तो काय सांगणार? एक घर, दोन आया, लग्नाचे सीझन, आणि रोजची ती हाक. आजारी असला तरी ओ द्यायची. गावाला जायचं नाही. माणूस आहे हो, यंत्र नाही.

मयूर फिका होत चालला होता. आवाजाला खरखर लागली होती. कधीकधी हाकेचं टोक... माणसासारखं वाटायचं नाही.

दोन हजार नऊचा मे. ललित दिंडोरीचं लग्न उरकून, तिथूनच निफाडचं करून दुपारी घरी आला. बूटसुद्धा काढले नाहीत. खोलीतल्या सतरंजीवर पडला.

डोळा लागतोय तोच...

“ललित...”

त्याला ऐकू आलं. हे तो स्वतः सांगतो, लपवत नाही. स्वच्छ ऐकू आलं.

“ए ललित...”

तोंड उघडेना. अंगात ताकदच नव्हती. एका अक्षराचा तर प्रश्न होता.

“ललित, ओ दे ना रे...”

“उद्या,” तो मनात म्हणाला. “आज माफ कर.” आणि कुशीवर वळला.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. दारात कुणी नव्हतं. तो उंबऱ्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही बसला. “ओ! ओ, मयूर! ओ!” असं एकटाच ओरडत राहिला. शेजारी गोळा झाले. मंजुषा रडायला लागली.

हाक आली नाही.

चार दिवसांनी तो साळूबाईकडे गेला. तिनं पाट मांडला, भाकरी वाढली. आज बाई खुशीत होती.

“तुला सांगायचंच राह्यलं,” ती म्हणाली. “तो मेला कावळा गेला बघ. एवढी वर्षं रोज खिडकीपाशी ओरडायचा. आता चार दिस झाले, गप हाय. सुटले बाई एकदाची!”

ललित ताटावर मान घालून रडू लागला. तिनं त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

“का रं बाळा? थकला का?”

तो हो म्हणाला.