उसनवारी

चाचणीच्या खोलीत पडदा नव्हता. संगणकाला पडदा लागत असे, ही गोष्ट आता फक्त म्हातारी माणसं सांगत. टेबलावर मिसळणाच्या डब्याएवढे तीन खेळसंगणक होते आणि गार्गी खोपकर कपाळाला मऊ पट्टी बांधून, डोळे मिटून बसली होती. पट्टीतून चित्रं थेट तिच्या मेंदूत उमटत होती.

तिन्ही डब्यांत निरनिराळ्या चिप होत्या. शाळकरी मुलांसाठी दिवाळीत जो स्वस्त डबा बाजारात यायचा होता, त्यात यांपैकी कोणती बसवायची हे गार्गीच्या अहवालावर ठरणार होतं.

ही निवड सोपी नसते. मोठ्या संगणकात चित्रं काढणारा भाग वेगळा असतो आणि त्याची स्मृतीही वेगळी असते. छोट्या डब्यात तेवढी जागा नाही. तिथे आकडेमोड करणारा भाग आणि चित्रं काढणारा भाग एकाच चिपवर नांदतात आणि एकच स्मृती वाटून घेतात. एकाच ओट्यावर दोघींनी स्वयंपाक करावा, तसं. एकीने परात पसरली की दुसरीला पोळपाट ठेवायला जागा उरत नाही. मग चित्र अडखळतं.

म्हणून सगळ्या चिपना एकच अवघड दृश्य काढायला लावायचं आणि कोण किती अडखळतं ते मोजायचं. गार्गीचं दृश्य होतं नदीच्या घाटाचं. काठावर फुललेला पांगारा, लाल पाकळ्या पाण्यात गळताहेत, आणि प्रत्येक पाकळीचं प्रतिबिंब हलत्या पाण्यात वेगळं दिसतंय. दोन चिप तिथे धापा टाकू लागल्या. तिसरी, ‘शेजार’ नावाची, सगळ्यांत लहान असूनही सहज पुढे गेली. एवढीशी चिप इतकी जागा आणते कुठून, हे गार्गीला कळेना. म्हणून महिनाभर ती तोच घाट पुन्हा पुन्हा पाहत राहिली.

आईच्या वर्षश्राद्धाला ती गावी गेली. तिच्या भावाचा, सुबोधचा, तिथे तेलाचा घाणा होता. पट्टी बांधली की त्याचं डोकं ठणकायचं, त्यामुळे त्या वाटेला तो जातच नसे. जेवणं झाल्यावर दोघं पडवीत बसली.

“मला आईचं शेवटचं तेच आठवतं,” गार्गी म्हणाली. “पांगाऱ्याखाली उभी राहून हात हलवत होती. मी निघाले तेव्हा.”

“कुठल्या पांगाऱ्याखाली?”

“घाटावरच्या.”

सुबोध हसला. “आपल्या नदीला घाट कधी बांधला गं? चार दगड टाकलेत, त्यावरून अजून लोक घसरतात.” मग तिचा चेहरा पाहून तो थांबला. “गार्गी, आई शेवटचे सहा महिने अंथरुणावर होती. तू सुट्टी घेऊन इथेच राहिली होतीस. रोज तिचे केस विंचरायचीस.”

“मी?”

“मग कोण, मी? मला वेणी घालता येते?”

गार्गीने आठवून पाहिलं. पांगारा दिसला. पाकळ्या दिसल्या. प्रत्येकीचं प्रतिबिंब वेगळं होतं.

‘शेजार’ चिप घडवणारे डॉक्टर फिरोज इनामदार एकेकाळी तिला शिकवायला होते. परतल्यावर तिने त्यांना गाठून सारं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चिपला जागा कमी पडते,” ते म्हणाले. “पट्टी मेंदूला जोडलेलीच असते. मग चिप खेळणाऱ्याच्या मेंदूतली थोडी जागा उसनी घेते. वापरात नसलेली तेवढीच. खेळ संपला की परत करते. आम्ही याला उसनवारी म्हणतो.”

“परत केली तर माझं गेलं कसं?”

“आधी आम्ही जागा मोकळीच परत करत होतो. लोकांना आत पोकळ वाटायचं, घाबरायचे. मग माझ्या आईची आठवण झाली. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली की परत करताना वाटीत आणखी काहीतरी घालून द्यायची. रिकामी वाटी तिने कधी कुणाकडे पाठवली नाही. म्हणून चिप जे चित्र काढत असते त्यातलंच थोडं त्या जागेत भरून ठेवते. त्या जागेतली आपली माणसं त्या चित्रात नीट बसतील असं.”

“पण सर, आईचे शेवटचे महिने वापरात नव्हते, असं कसं ठरवलं चिपने?”

“गेल्या वर्षभरात तू त्या महिन्यांची आठवण किती वेळा काढलीस?”

गार्गीने एकदाही काढली नसावी. ज्या खोलीत जाववत नाही तिचं दार आपण लावून घेतो, आणि चिपला ती खोली पडीक वाटते.

“लहान मुलांकडे असं झाकून ठेवलेलं काय असणार?” इनामदार हळूच म्हणाले. “चिप चांगली आहे, गार्गी.”

“तुम्ही लहान असताना तुमच्याकडे काही नव्हतं?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

अहवालात तिने ‘शेजार’ची चित्रगती सर्वांत उत्तम असल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं आणि खाली शेरा दिला: मुलांसाठी नापास. ती अहवाल त्यांना दाखवून निघाली, तेव्हा इनामदारांनी तिला दारात थांबवलं.

“तुझ्यात भरलेलं आम्हाला काढून टाकता येईल.”

“मग तिथे मूळचं परत येईल?”

“नाही. ते पुसलं गेलंय. जागा मोकळी राहील.”

म्हणजे रिकामी वाटी. गार्गी बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत उभी राहिली. पांगारा खोटा होता हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण त्याखाली उभ्या असलेल्या बाईचा चेहरा आईचा होता, आणि आता तिच्याजवळ आईचं तेवढंच शेवटचं होतं.

“असू दे,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने सुबोधला फोन केला.

“दादा, मी आईचे केस कसे विंचरायचे ते सांग.”

तो सांगू लागला. तेल कोमट करून घ्यायचीस. गुंता आला की आई तुला रागवायची, मग तूही तिला रागवायचीस. एकदा तिने विचारलं, माझे केस पूर्वी किती लांब होते, आठवतं का तुला, आणि तू कंगवा खाली ठेवून रडलीस.

गार्गी मन लावून ऐकत होती, ओळखीच्या कुणीतरी आपल्याला न भेटलेल्या बाईबद्दल सांगावं, तसं.