शमनीचा नागा

डॉ. वसुधा निमखेडकरांनी तिसरा शवविच्छेदन अहवाल मिटला, तेव्हा नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत दुपारचे दोन वाजले होते. तिघेही मधुमेही, तिघांचीही साखर मरेपर्यंत झकास, आणि तिघेही नऊ वर्षं ‘शमनी’ घेणारे. शमनी वसुधाताईंनीच शोधली होती. पहिली गोळी त्यांनी स्वतःच्या नवऱ्याला, श्रीपादरावांना दिली होती.

"मॅडम, स्वादुपिंडाची एकूण एक पेशी कचऱ्यानं ठासून भरलीय," सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचलत डॉ. येळणे म्हणाले.

"घडी चुकलेली प्रथिनं?"

"दुसरं काय. पेशी प्रथिन बनवते, त्याची घडी घालते. काम फार झालं की घड्या चुकतात आणि ती ओरडते. ओरडली की काम थांबवून साफसफाई करते, नाहीच जमलं तर मरते. त्या ओरडण्यानं सूज येते, मधुमेह बळावतो. शमनी देऊन आपण तिचं तोंड दाबलं. घर साफ झालंच नाही."

"मग आजच बंद करू शमनी."

"नऊ वर्षांचा कचरा आहे, मॅडम. गोळी चुकली की सगळ्या पेशी एकदम ओरडणार आणि एकदम मरणार. या तिघांनीही मरायच्या आदल्या दिवशी गोळीचा नागाच केला होता."

"आणि चालू ठेवली तर?"

"वर्षभर. फार तर दीड," येळणे म्हणाले.

प्रयोगाच्या पहिल्या तुकडीतली एकच बाई धडधाकट होती, शेवंताबाई धुर्वे. गोळीनं उपास मोडतो म्हणून तिनं पहिल्या आठवड्यापासून एकाही सोमवारी गोळी घेतली नव्हती. तिच्या पेशींना आठवड्याला एक दिवस ओरडायला मिळालं, झाडून घ्यायला मिळालं. साखर थोडी जास्त, गुडघे सुजलेले, पण बाई जिवंत. ‘शिस्त नाही’ असा शेरा मारून तिचं नाव वसुधाताईंनीच प्रयोगातून काढलं होतं. एवढ्या शिकलेल्या बाईला एवढं कळू नये!

श्रीपादरावांचाही सोमवार असायचा. पण घरात ताईंपुढे कुणाची टाप? रोज सकाळी आठला त्या स्वतः गोळी हातावर ठेवायच्या. नऊ वर्षांत एक नागा नाही.

आणि आज? आज अहवालांच्या धास्तीनं त्या सातलाच घराबाहेर पडल्या होत्या.

घरी पोचल्या तेव्हा श्रीपादराव गॅलरीत निवांत संत्रं सोलत बसले होते.

"अगं, आज विसरलीस," ते खुशीत म्हणाले. "म्हटलं, बरं झालं, एक दिवस सुटी."

"घ्या आधी."

"एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

वसुधाताईंना रडू आवरेना. सांगावं तरी काय, आणि कोणत्या तोंडानं? त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, गोळी श्रीपादरावांच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळून होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.