वरदचा जुना पासवर्ड

हौसेराव हे सांगायला लागले की गच्चीवरची पोरं मोबाईल उलटे ठेवतात. गोष्ट त्यांच्या भाच्याची, इंद्रजितची. खोटी वाटली तर त्यालाच विचारा, म्हणतात, ऐरोलीतच असतो. विचारा खुशाल. तो उठून जाईल.

शनिवार, वीस जानेवारी दोन हजार चोवीस. रात्री जेवून इंद्रजित सीवूड्सला अरुणाकाकूंकडे गेला. दहा मिनिटांचं काम. काकूंचा मुलगा वरद त्याच्याच कॉम्प्युटर-सपोर्टच्या ऑफिसातला, जिवाभावाचा. अकरा महिन्यांपूर्वी रात्री पावणेतीनच्या सुमारास ऑफिसचा फोन आला, वरद लिहिता लिहिता उठला, बाईक काढली आणि वाटेतच संपला. त्याचा कॉम्प्युटर काकूंनी एक दिवसही बंद होऊ दिला नव्हता. स्क्रीनवर वरदचं नाव. खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"काय लिहीत होता तेवढं दाखव बाबा. वर्षश्राद्धाच्या आत."

"दहा मिनिटं, काकू. चहा टाका."

ते मशीन लिनक्सवर चालायचं, आणि लिनक्सला दोन दारं असतात. एक चित्रांचं, माऊसवाल्यांचं. दुसरं काळं, नुसत्या अक्षरांचं. कंट्रोल, आल्ट, एफ-तीन दाबलं की काळं समोर येतं. चित्रांचं मागे तसंच जागं राहतं. वरदनं याच मशीनवर इंद्रजितचंही खातं काढलं होतं, सगळ्या अधिकारांसकट. इंद्रजित काळ्या दारानं आत शिरला. आणि सपोर्टवाल्यांची ती मेली सवय! कुलूप उघडत नाही? बदलून टाका. त्यानं वरदचा पासवर्ड बदलला.

"जुना गेला का रे?"

"गेला. आता तो कुणाला लागणार, काकू?"



एफ-दोन दाबून तो चित्रांच्या दाराशी परतला. नवा पासवर्ड. कुलूप उघडलं. समोर पत्र.

'आई, बाबा गेले त्या रात्री तू औषध आणायला खाली गेली होतीस. तेवढ्यात ते शुद्धीवर आले. तुझ्यासाठी निरोप दिला. मला सांगायचा धीर झाला नाही. म्हणाले, अरुणाला सांग'

पुढे कोरं.

"काय सांग?" काकूंनी स्क्रीनला हात लावला. "काय म्हणाले रे हे?"

इंद्रजित माऊस फिरवत पत्राच्या जुन्या प्रती शोधू लागला. वरदच्या शिस्तीप्रमाणे पत्राची प्रत्येक सेव्ह केलेली प्रत जपलेली होती. पहिल्या प्रतीत एकच शब्द. आई. तारीख, तो गेला त्या रात्रीची. पुढची प्रत दोन दिवसांनी. मग अधूनमधून एक. प्रत्येकीत एखादंच अक्षर वाढलेलं.

वेळ प्रत्येकीची दोन चाळीस. शेवटची... काल रात्रीची.

"काकू, रात्री इथं कोण बसतं?"

"कोण बसणार? कधीकधी टक् टक् वाजतं. मग बंद. मी म्हटलं, पाल असेल."

चहा निवला. दोन चाळीसची वाट बघत दोघं बसून राहिली. कुणी हात लावला नाही तसं स्क्रीनला आपोआप कुलूप लागलं. पुन्हा नाव. पुन्हा चौकट.

दोन चाळीस.

टक्.

चौकटीत एक ठिपका. मग दुसरा. कीबोर्डवर कुणाचा हात नव्हता. नऊ ठिपके झाले... थांबले. चौकट थरथरली. पासवर्ड चुकीचा.

पुन्हा नऊ. सावकाश. चुकीचा.

पुन्हा... एकेक ठिपका, जपून.

चुकीचा.

"आत घे रे त्याला," काकू म्हणाल्या. "इंद्रजित... आत घे."

त्यानं नवा पासवर्ड टाकून स्क्रीन उघडी ठेवली. पहाटेपर्यंत. कर्सर लुकलुकत राहिला. अक्षर आलं नाही. जुना पासवर्ड परत घालावा, तर तो फक्त वरदला ठाऊक.

सकाळी काकूंनी इंद्रजितला बाहेर जायला दार उघडून धरलं. "ये आता," एवढंच.

पत्र आजही तिथंच अडलंय. काकूंनी कीबोर्ड काढून, साडीत गुंडाळून, कपाटात कुलपात ठेवलाय.

तरी रोज सकाळी मशीनच्या नोंदीत तीन नव्या ओळी असतात, तिन्ही सारख्या. वरद. दोन चाळीस. पासवर्ड चुकीचा.