डाव्या कानाचं काम

लेअर गावात, नदीच्या बंधाऱ्याला पाठ लावून वीब्केचं छोटंसं वर्कशॉप होतं. नोव्हेंबरातल्या त्या दुपारचं काम तसं नेहमीचंच. हेडफोनच्या दोन जोड्या ऐकायच्या, एक पक्की करायची आणि उद्या सकाळी कारखान्याला कळवायचं.

अडचण एवढीच, की त्यातली एक जोडी तिच्या नवऱ्याच्या, ओनोच्या पसंतीची होती. आणि ओनोला जाऊन पाच महिने झाले होते.

या जोडीवरून दोघं अकरा महिने भांडली होती. आत नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, चकती बसते. ती पातळ असली की आवाज लखलखीत, जाड असली की उबदार. ओनोला पातळच हवी. "तुझ्या हेडफोनात व्हायोलिन गोधडी पांघरून वाजतं," तो म्हणायचा. "आणि तुझ्यात सुईसारखं टोचतं," ती म्हणायची. शेवटी त्यानं जाड चकतीला मधोमध भोक पाडून पाहिलं. पण त्याच्या हातून भोक कधी गोल पडलंय? "हे भोक आहे की बटाटा?" असं म्हणून वीब्केनं ती चकती न ऐकताच फेकून दिली होती.

त्याचं आता तिला फार वाईट वाटत होतं. गेलेल्या माणसाशी वाद जिंकून काय मिळवायचं? आणि त्याचं ऐकावं, तर स्वतःच्या कानांशी बेइमानी.

ऐकायची त्यांची रीत ठरलेली होती. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले, हात मांडीवर. जोडी दुसऱ्यानं मागून चढवायची. ओनो आधी तिच्या कानावरचे केस अलगद बाजूला करायचा. "गादीखाली केस अडकले की खर्ज निसटतो," हे कारण तो तीस वर्षं सांगत आला होता. तिनंही ते तीस वर्षं खरं मानून घेतलं.

आज मागे त्याची धाकटी बहीण इन्सा उभी होती.

"बसा वहिनी. आणि डोळे किलकिले करायचे नाहीत हं."

"गप गं. लाव."

पहिली जोडी चढली. त्यांनीच कधीतरी ध्वनिमुद्रित केलेला चर्चमधला ऑर्गन सुरू झाला. लखलखीत. ही ओनोची. मग दुसरी, उबदार. ही तिची. तिनं सुस्कारा टाकला.

"पुन्हा एकदा लाव," ती म्हणाली.

जोडी उतरली. मग बराच वेळ काहीच नाही... ओल्या लोकरीचा वास आला. आणि तिच्या डाव्या कानावरचे केस कुणीतरी अलगद बाजूला केले.

इन्सा असं कधी करत नसे.

वीब्केचे हात मांडीवरून हलले नाहीत. जोडी चढली, ऑर्गन वाजू लागला. डाव्या कानात ना सुई होती, ना गोधडी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उजवी बाजू मात्र जराशी मंद होती.

"हीच! इन्सा, हीच पक्की. फक्त उजवीकडे..."

दार उघडून थंड वारा आत आला.

"काही म्हणालात का वहिनी? खिडकीतून पार्सलवाला दिसला, सही करून आले. अय्या, ही तुम्ही स्वतः चढवलीत होय?"

"मी हात लावलेला नाही."

जोडी वीब्केचीच होती, जाड नमद्याची. सकाळी इन्सानं स्वतः ती बंद करून स्क्रू कुणी फिरवला तर कळावं म्हणून त्यांवर लाल रंगाचे ठिपके दिले होते. एकही ठिपका तडकलेला नव्हता. वीब्केनं डावी बाजू उघडली.

चकतीच्या मधोमध भोक होतं. बटाट्यासारखं वाकडं.

"उजवी चकती अख्खी आहे," दुसरी बाजू उघडून इन्सा कुजबुजली. वर्कशॉपातली एकुलती एक कात्री तिनं उचलली. "मी... मी कापू का?"

"नको. तशीच ठेव टेबलावर."

वीब्के पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले.

"हट्टी मेला," ती मायेनं म्हणाली. "कर पुरं. या वेळी नाही हसणार."

इन्सा धावत येऊन तिला बिलगली. तिच्या मुठीतल्या कात्रीचं थंड पातं वीब्केच्या मनगटाला लागलं.

"वहिनी... मागे बघू नका..."

मागे, टेबलावर, नमदा कापल्याचा आवाज येत होता. हळूहळू, अडखळत.