काकांच्या सुऱ्यांची धार

सगळे रात्रीच्या गोष्टी सांगतात. ही भर दुपारची आहे.

आणि खरी आहे. पटली तर वाचा, नाहीतर पुढे सरका, पण खाली येऊन "याला लॉजिक काय?" असं विचारू नका. लॉजिक असतं तर माझ्या काकांनी ते केव्हाच शोधलं असतं. लोखंडाचं काय बिनसलंय हे ओळखण्यात त्या माणसाची हयात गेली आहे.

जागा निघोजे. चाकण एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग आहे, त्यातला कोपऱ्यातला गाळा. दिवस गेल्या चैत्रातला एक गुरुवार.

काका म्हणजे ज्योतीराम काका, माझ्या इंदूमावशीचे यजमान. मूळचे लातूरकडचे. एका कंपनीत हीट ट्रीटमेंटला होते, म्हणजे पोलाद तापवायचं आणि त्याला पाणी द्यायचं. कंपनीनं तो विभाग बंद केला आणि काकांनी स्वतःचा गाळा भाड्यानं घेतला. स्वभाव मुळात भट्टीसारखा, त्यात चैत्रातलं ऊन.

घरात तेव्हा एकच विषय होता. त्यांची मुलगी रुपाली बाळंतपणाला माहेरी, मोशीला आली होती. याआधी दोनदा ती दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आलेली. या खेपेला नववा लागला होता. मावशी घरात पावलं न वाजवता चालायची, इतकी घाबरली होती. काकांचं मागणं एवढंच होतं... हातातली ऑर्डर एकदाची संपवायची आणि पोर सुखरूप सुटेपर्यंत घरी बसायचं.

पण ती ऑर्डर संपेचना.

ऑर्डर होती सुऱ्यांची. दिग्विजय नावाचा काकांचा जुना सहकारी आता परदेशी माल पाठवतो, त्यानं आणली होती. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडच्या बर्फाळ मुलखात जनावरांच्या केसाळ कातड्यांचा मोठा व्यापार चालायचा. शिकारी कातडी द्यायचे आणि बदल्यात बंदूक, ब्लँकेट, सुरी घ्यायचे. आता तिथले हौशी लोक तसेच कपडे घालून, तंबू ठोकून राहतात म्हणे. त्यांना सुरीही तशीच लागते. हातानं ठोकलेली, घणाचे घाव दिसणारी.

"जिंदगीभर मायक्रॉन मोजलो, आणि आता मुद्दाम वाकडंतिकडं करायचं," काका करवादायचे. मुठीला सांबरशिंग हवं असं चित्रात होतं. काकांनी दिग्विजयला फोनवरच झापलं, "तुरुंगात पाठवायलास का मला?" शेवटी म्हशीच्या शिंगावर तडजोड झाली.

बडबड कितीही करू द्या, सुऱ्या त्यांनी झकास केल्या. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं पोलाद, भरदार पोट असलेलं पातं, काळी मूठ, चामड्याचं म्यान. धार अशी की हातावरचे केस साबणाशिवाय उतरायचे. धार तपासून तपासून काकांचा डावा हात कोपरापर्यंत सफाचट झाला होता.

एके दिवशी सकाळी त्यांनी गाळा उघडला. फळीवरची एक सुरी उचलली. हातावरून फिरवली.

काहीच नाही.

दुसरी घेतली. तिसरी घेतली.

सगळ्या बोथट.

काकांनी डोक्याला हात लावला. पाणी देताना चुकलं असेल म्हणून सगळ्यांना परत धार लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून धारेचा दगड बदलला. तेल बदललं. कुलूप बदललं. शेजारच्या गाळ्यात पावडर कोटिंग करणारा बंटी आहे, त्याच्यावर संशय घेऊन झाला.

"आवं काका, मी कशाला तुमच्या सुऱ्या घासत बसू? मला माझं काम न्हाई व्हय?" बंटी म्हणाला. बिचाऱ्यानं स्वतःचा कॅमेरा आणून दोन रात्री गाळ्यात लावलासुद्धा.

कॅमेऱ्यात काहीच आलं नाही. रात्रभर फळीवर सुऱ्या दिसतायत. जागच्या जागी. कुणी आलं नाही, कुणी हात लावला नाही.

सकाळी बोथट.

मग काकांनी भिंग घेतलं. आणि त्यांना जे दिसलं त्यानं त्यांचं डोकं आणखी फिरलं. धार कुणी घासून उतरवली, तर पात्यावर चरे पडतात, खाली लोखंडाची भुकटी पडते. इथं चरा नाही, भुकटी नाही. धार नुसती गोल झालेली. गुळगुळीत...

चोखलेल्या गोळीसारखी.

आणि धारेच्या कडेकडेनं गंजाची एक बारीक रेघ. बाकी पातं लख्ख. जणू तेवढीच कड रात्री कशानं तरी ओली झाली होती.

"पत्रा गळायलाय कुठंतरी," काका म्हणाले. चैत्रात पत्रा गळेल कसा, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. वर दिग्विजयचा रोज फोन, माल कधी देता? घरी मावशीचा रोज फोन, घरी कधी येता? काका दोघांवर सारखेच खेकसायचे.

मग तो गुरुवार आला.

आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. माहीत असेल त्यालाच माहीत, इतर सहा दिवस प्रेसच्या ठोक्यांनी जमीन हादरत असते आणि गुरुवारी स्वतःच्या कानातली रक्ताची सळसळ ऐकू येते. बंटीचा गाळा बंद. चहाची टपरी बंद. वीजही गेलेली. काकांनी ठरवलं, आज चोर धरायचाच. सकाळी सगळ्या सुऱ्यांना धार लावली, फळीवर ओळीनं मांडल्या, शटर आतून ओढून घेतलं आणि हातात मोठा पाना घेऊन स्टुलावर बसले.

दुपार चढली. पत्रा तापून कडकड वाजत होता.

मग तोही वाजायचा थांबला.

आणि वास आला...

ओव्याचा. शेपेचा. निखाऱ्यावर टाकलेल्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो ना, अगदी तोच.

काकांना भीती नाही वाटली, खोटं कशाला सांगू. त्यांना राग आला. एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी ओवा कोण जाळतंय? त्यांनी शटर वर केलं, बाहेर पाहिलं. रस्ता मोकळा. बाहेर तो वास नव्हताच. तो फक्त आत होता.

ते परत वळले. तेव्हा आवाज आला...

चुक्.

चुक्... चुक्...

पाल असेल, त्यांना वाटलं. पण पाल दोन-चारदा चुकचुकते आणि गप्प होते. हा आवाज थांबत नव्हता. सावकाश, तालात चालला होता. भूक लागलेलं लेकरू अंगावर पितं तसा. फळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत होता. एका सुरीवरून पुढच्या सुरीवर.

"कोण हाय रे?" काका गरजले आणि हातातला पाना फळीवर भिरकावला.

सुऱ्या खणखणत खाली पडल्या. आवाज थांबला.

काकांनी वाकून एक सुरी उचलली. धारेला बोट लावलं.

बोथट. आणि ओली. कोमट ओली.

काका तसेच उभे असताना फोन वाजला. रुपालीचा नवरा, मुकुंद. "बाबा, लगेच निघा. रुपालीला कळा सुरू झाल्यात."

संध्याकाळी मुलगी झाली. वजन कमी, पण धडधाकट. काका दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले. ओल्या सुरीचा विषय त्यांनी कुणाकडे काढला नाही. त्या घडीला कोण काढेल?

पाचव्या दिवशी पाचवी. बाळाला या दोन-तीन रात्री जपायचं, म्हणून आपल्याकडे पाट्या-वरवंट्यासोबत एखादं धारदार पातं पुजतात, ते बाळाच्या उशाशी ठेवतात आणि घर रात्रभर जागं राहतं. मावशी शेजारणीकडे विळा मागायला निघाली आणि दारातूनच परत फिरली.

"अवं, सुऱ्यांचा कारखाना आपला, आणि पाचवीला उसना विळा आणू का? तुमची एक चांगली सुरी द्या की."

काकांना मनातून बरं वाटलं. कुणीतरी त्यांच्या हातची वस्तू हौसेनं मागत होतं. गाळ्यात धार टिकत नाही म्हणून ते संपूर्ण पेटीच घरी घेऊन आले. दुपारभर गॅलरीत बसून एकेक सुरी परत लावली. त्यातली सगळ्यात देखणी सुरी मावशीला दिली. तिनं हळद-कुंकू वाहिलं, सुरी म्यानात घातली आणि म्यानासकट बाळाच्या डोक्याशी गादीखाली सरकवली.

रात्री शेजारच्या बायका आल्या. गाणी झाली, गप्पा झाल्या. पहाटे पहाटे एकेकीचा डोळा लागला.

सकाळी काकांनी आधी पेटी उघडली. पहिली सुरी हातावर फिरवली. उरलेसुरले केस साफ. दुसरीही तशीच. तिसरीही. सगळ्याच्या सगळ्या धारदार. काका जागेवर उडाले. इतक्या दिवसांचा ताप गेला! दोष गाळ्याचा होता, त्यांच्या हाताचा नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं दिग्विजयला फोन लावला. "गाडी पाठव, माल तयार हाय!"

"कामून ओरडायलाव? लेकरू उठंल," मावशी आतून बाहेर आली. तिच्या हातात ती पुजलेली सुरी होती. नाळेच्या पट्टीची गाठ कापायला म्हणून तिनं ती म्यानातून काढली होती.

"हिला तर धारच न्हाई की," ती म्हणाली.

काकांनी सुरी हातात घेतली. म्यान आतून चाचपलं. ते कोरडं ठणठणीत होतं.

पातं ओलं होतं. त्यावर गंज अजून चढला नव्हता. ओल आत्ताची होती...

पेटीतल्या एकाही सुरीला काही झालं नव्हतं. फक्त बाळापाशी असलेली सुरी.

काका मला म्हणाले, "तेव्हा मला कळलं बघ. त्याला सुऱ्यांचं काय पडलेलंच न्हाई. सुरी नुसती आडवी येत होती. गाळ्यात ते फक्त शिकत होतं, सुरी वाटेतनं काढायची कशी ते."

त्या दिवशी दिग्विजयची गाडी आली आणि रिकामी परत गेली.

मुकुंद शिकलेला मुलगा आहे. तो म्हणाला, "तान्ह्या बाळाजवळ सुरी ठेवणं हाच खरा धोका आहे. हे बंद करा." चुकीचं काय बोलला? मी असतो तर हेच बोललो असतो. महिन्यानं तो रुपालीला आणि बाळाला दापोडीला आपल्या घरी घेऊन गेला. सुरी त्यानं नेली नाही. मावशीनं हातापाया पडून पाहिलं, काकांनी आरडाओरडा केला. ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. आवाज बसलेला.

"बाबा, सुरी घेऊन या."

रुपाली कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली होती, तेवढ्यात झालं. बाळ रडलं नाही, काही नाही. आत येऊन बघते तर बाळाची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. खूप वेळ पाण्यात भिजली की होतात तशी. डॉक्टर हसले, म्हणाले, "अहो, बाळं बोटं चोखतातच."

मान्य. हाताची बोटं चोखतात.

बाळ सव्वा महिन्याचं होतं. आणि पायाची दहाही बोटं तशीच होती.

तेव्हापासून मुकुंदनं सुरीला कधी नाव ठेवलं नाही. रुपाली मोशीलाच आहे. मांत्रिक झाले, ग्रहशांत झाली, आळंदीला जाऊन आले. फरक शून्य. बाजारातली सुरी ठेवून पाहिली, ती तासाभरात बोथट झाली. काकांच्या हातची तेवढी टिकते. का, ते काकांनाही माहीत नाही.

पण पोलाद काही देवानं दिलेलं अक्षयपात्र नाही. रोज बोथट झाली की रोज धार लावायची, आणि दर वेळी पातं थोडं झिजतं. पहिली सुरी झिजून काडीएवढी राहिली, मग दुसरी काढली. ती दिग्विजयची सगळी ऑर्डर अशीच गादीखाली संपली. दिग्विजय आता काकांचा फोन उचलत नाही. काका गाळ्यात अजून त्याच नमुन्याच्या सुऱ्या ठोकतात. लोक म्हणतात, म्हातारा चळला. काकांचा संताप होतो, पण सांगणार कुणाला आणि काय?

परवा मी मोशीला गेलो होतो. नात आता पाऊल टाकते, घरभर हसत फिरते. काका गॅलरीत धार लावत बसले होते. मी म्हटलं, "काका, पोरगी मोठी झाली की थांबेल हो हे."

त्यांनी हातातला दगड आपटला.

"थांबंल?" ते म्हणाले. "पहिल्यांदा एक धार रात्रभर पुरायची. मग अर्धी रात्र पुरायला लागली. आता मी लेकराला निजवतो, सुरी म्यानात घालून खाली सरकवतो, आणि तोंड धुऊन येईस्तोवर पातं ओलं झालेलं असतंय."