पिंपात गेलेलं नाव

सकाळी नऊच्या सुमारास मी राय धान्याचा काळा पाव आणायला निघाले होते, एवढंच. दारातच एर्मान्सआत्याने अडवलं.

"पाव राहू दे, सिदोनी. माझा खांदा काही वर जात नाही. यंदा म्हाताऱ्या पिंपात तू ओत."

खरं सांगते, मला ओरडावंसं वाटलं आनंदाने! लोझानच्या कॉलेजात तीन वर्षं रसायनशास्त्र शिकून आले, पण या एका वाक्याची वाट मी लहानपणापासून बघत होते. आमची वायनरी ती केवढीशी. दगडी बांधांवरचे चार मळे आणि तळघरात अकरा पिंपं. त्यातलं एकच लार्चच्या लाकडाचं, आमच्या पणजोबांच्याही आजोबांनी भरलेलं. ते कधी रिकामं करायचं नाही. वर्षभरात थोडीच वाइन काढायची आणि दर ऑक्टोबरात वरून नवी ओतायची, म्हणजे पहिल्या सालचा एखादा थेंब अजूनही आत असणारच. आणि ओतायची ती नावं घेऊन. त्या वर्षी गावातलं जे जे कुणी गेलं, त्याच्या नावाची एकेक सुरई. पिंपाच्या वरच्या भोकाशी ओठ न्यायचे, नाव घ्यायचं, ओतायचं. सुरई संपेपर्यंत दुसरा शब्द नाही.

"लक्षात राहील ना?" जिना उतरताना आत्याने विचारलं.

"तीनच तर नावं आहेत, आत्या."

"नावांचं नाही म्हणत गं. गप्प राहायचं म्हणतेय."

बाहेर लख्ख ऊन होतं, खालच्या उतारावर तोडणीवाल्यांची गाणी चालली होती. तळघरात मात्र एकच पिवळा दिवा. राळेचा, ओल्या दगडाचा आणि जुन्या अक्रोडाचा वास. कोपऱ्यातून सात पायऱ्या आणखी खाली जातात, तिथल्या खोलीत हौदांमध्ये नवा रस आंबत होता. बुड बुड... बुड... असा आवाज सारखा येत होता. आंबणाऱ्या रसाची हवा जड असते, जमिनीलगत साचते, आणि माणसाला कळायच्या आत गुंगवते. म्हणून त्या पायऱ्या उतरताना मेणबत्ती पुढे धरायची, विझली की मागे फिरायचं. ती मेणबत्ती आत्याने आज पिंपावर चिकटवली होती, मला भोक नीट दिसावं म्हणून.

पिंपाला टेकवलेल्या शिडीवर मी चढले.

"थेओदूल," मी भोकात पुटपुटले आणि कथिलाची सुरई तिरकी केली. आतून एक लांब, संथ आवाज आला. कुणीतरी सावकाश घोट घ्यावा तसा. मी आत्याकडे बघितलं. तिने फक्त मान हलवली, पुढचं घे.

"युफेमी." पुन्हा तसाच घोट.

तिसरी सुरई ओनेझीम म्हाताऱ्याची. ती भरून मी वाकले, ओठ लाकडाला लागले... आणि पाठीमागून शिडीवर धाडकन दांडा आदळला.

"काय गं घाबरट! आत पडशील हं!"

"गास्पार!" मी किंचाळले.

तोंड भोकावर होतं. सुरई कलली होती. सगळीच्या सगळी आत गेली, आणि या वेळी घोट घाईघाईने घेतला गेला.

माझा थोरला भाऊ खाली उभा राहून पोट धरधरून हसत होता. "आता मलाही बसवणार वाटतं म्हाताऱ्यांच्या पंगतीत?"

आत्या हसली नाही. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"परत काढू या ना, आत्या," मी म्हटलं. "एक सुरई तर आहे."

"काढणार कुठून? ओतलीस वरून, तोटी आहे तळाला. येईल ती जुनीच येईल." मग ती भावाकडे वळली. "गास्पार, तू उन्हात जा. आत्ता. हौदाचं राहू दे."

"राहू दे? द्राक्षांची सालं वर आलीत सगळी, दाबली नाहीत तर दुपारपर्यंत आंबट होतील. तुम्ही बसा नावं घेत." तो दांडा खांद्यावर टाकून शीळ घालत सात पायऱ्या उतरला. मेणबत्ती पिंपावरच होती.

शीळ मधेच तुटली.

"गास्पार?"

बुड बुड... बुड...

मी शिडीवरून उडीच टाकली. मेणबत्ती ओरबाडली आणि पायऱ्यांकडे धावले. तिसऱ्या पायरीवर ज्योत विझली. मला साधं मांजर आडवं गेलं तरी दचकायला होतं, पण त्या क्षणी कुठून बळ आलं सांगता येत नाही. छातीभर श्वास घेतला, तोंड मिटलं आणि आत घुसले. तो हौदाशी पालथा पडला होता. कॉलर धरली, ओढला. एक पायरी, दोन, तीन... कानात घण पडत होते. पाचव्या पायरीवर आत्याचा धड असलेला हात आला, आणि दोघींनी त्याला पार अंगणात उन्हात नेऊन टाकलं.

आत्याने दोन थोबाडीत दिल्या. तो खोकला. खोकला! मी त्याच्या कपाळाचे मुके घेतले, हसले, रडले, उड्या मारल्या. तोडणीवाले वर बघून टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं आमच्याकडे काहीतरी सण आहे.

"आत कुणी होतं?" आत्याने हळूच विचारलं.

"सगळे होते," गास्पार म्हणाला. आवाज घोगरा होता. "म्हणाले, सुरई पोचली. आता कुणीतरी यायला हवं. मी म्हटलं, मी नाही येत. तर म्हणाले... मग नाव दे."

"दिलंस?"

तो मळ्यांकडे बघत राहिला. "आठवत नाही."

याला आज अकरा दिवस झाले. तो बरा आहे. जेवतो, कामं करतो, मला चिडवत मात्र नाही. रोज पहाटे मला जाग येते तेव्हा तो माझ्या पलंगाशी वाकलेला असतो, कान माझ्या नाकाजवळ आणून, श्वास चालू आहे का ऐकत. "कॉफी हवी का, विचारायला आलो," म्हणतो.

आज पहाटे त्याच्या मागे एर्मान्सआत्याही उभी होती. तिने कॉफीचं नावसुद्धा काढलं नाही.