बोलणी फिसकटली तेव्हा

लालबागच्या त्या खानावळीत दुपारी स्वतंत्र टेबल मागायची पद्धतच नव्हती. खुर्ची रिकामी दिसली की बसायचं. दमयंती बसली आणि समोरच्या अनोळखी तरुणाकडे न बघता तिने तळलेला बांगडा मागवला.

“शेवटचा ह्यांना दिला, बाई,” वाढपी म्हणाला.

त्या तरुणाने आपली थाळी हळूच मध्ये सरकवली. “अर्धा-अर्धा करू?”

“नको. आमच्या ऑफिसात आधीच सगळं अर्धं-अर्धं करायचं चाललंय.”

तो हसला... आणि सकाळपासून साठलेला तिचा वैताग बाहेर पडला. विंध्य मोटर्समध्ये ती सुट्या भागांचं खातं सांभाळत होती. आता विंध्य आणि कोरोमंडल ऑटो या दोन बड्या मोटार कंपन्या एक व्हायच्या होत्या. पेपरवाले खूश, शेअरवाले खूश. दमयंतीचा मात्र कशावरच विश्वास बसत नव्हता.

“त्यांचा नट आमच्या बोल्टला बसत नाही, आणि म्हणे एकत्र नांदा. त्या कोरोमंडलवाल्यांना तर गाडीपेक्षा टायची काळजी जास्त.”

त्याने खाली स्वतःच्या टायकडे पाहिलं. शांतपणे तो सोडवला, खिशात कोंबला. “लवू राणे,” तो म्हणाला. “कोरोमंडल. सुटे भाग.”

सोलकढीचा घोट दमयंतीच्या घशातच अडकला.

पुढे दर मंगळवारी विलीनीकरणाच्या समितीत, वरळीच्या ऑफिसात, दोघं समोरासमोर. कुणाचा ब्रेक ठेवायचा, कुणाचा आरसा काढायचा... लवू कधी घाईत नसे, आणि याचाच तिला संताप येई.

“तुम्ही चिडलात की उजवी भुवई वर जाते,” तो एकदा म्हणाला.

“कामाचं बोला.”

“कामाचंच. ती वर गेली की मी आमचा भाग मागे घेतो.”

ती खिडकीकडे वळली — हसू त्याला दिसू नये म्हणून. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते तिलाही कळलं नाही. मीटिंग संपली की वरळीच्या समुद्राकडेने दोघं चालत निघत. ती कोळीवाड्यात, आईकडे. तो पुढे भोईवाड्याची बस धरायला. लाटेचे तुषार आले की तो नकळत समुद्राच्या बाजूला होई, आणि घरी पोचेपर्यंत तिला उगाचच गुणगुणावंसं वाटे.

मग एका मंगळवारी साहेबांनी सांगून टाकलं. विंध्यचं अँटॉप हिलचं गोदाम बंद होणार. गंगाधरमामांसारखी तिथे केस पांढरे झालेली माणसं घरी जाणार.

“तुला माहीत होतं?” जिन्यात तिने लवूला अडवलं.

“कानावर आलं होतं. वाटलं, थांबवता येईल...”

“आणि माझ्याशी गोड बोलत राहिलास. तुमची कंपनी गिळायलाच आली होती, लवू. मी वेडी, मला वाटलं—” पुढचं तिने गिळलं. “माझ्याशी बोलू नकोस.”

पुढच्या मंगळवारी तो दोन्ही कंपन्यांच्या साहेबांसमोर उभा राहिला. आवाज नेहमीसारखाच संथ. “संपानंतर माझ्या वडिलांची गिरणी उघडलीच नाही. घरात बसलेला माणूस कसा दिसतो, ते मी बघितलंय. या लोकांना काम दिल्याशिवाय गोदाम बंद करायच्या कागदावर मी सही करणार नाही.”

संध्याकाळपर्यंत त्याला समितीतून काढलं. दमयंती धावत खाली आली, पण तो गेला होता.

आणि महिना उलटायच्या आत सगळंच फिसकटलं. नव्या कंपनीत आधी नाव कुणाचं, यावर दोन्ही मालक अडून बसले. विलीनीकरण रद्द. गोदाम वाचलं. ऑफिसात पेढे वाटले. हेच तर तिला हवं होतं. मग पेढा घशाखाली का उतरेना?

मंगळवार आला. कुणी भुवईवर बोललं नाही. दुसराही तसाच गेला. रविवारी बोंबील निवडताना तिने एकच बोंबील तीनदा साफ केला, तेव्हा तिची आई, गुणवंती, वैतागली. “जा बाय, काय ते एकदा बोलून ये. माझी मासळी फुकट घालवू नको.”

भोईवाड्याच्या चाळीत दार उघडलं ते लवूच्या वडिलांनी, दगडूंनी.

“तूच गो ती कोळीवाड्यातली? ह्यो माझो झील तुझ्या नावान घरभर धुसफुसता.”

लवू आतून आला. अंगात बनियन, गालावर दाढीचा साबण. तिला पाहून जागीच थिजला.

“तू आला का नाहीस?” दमयंतीने विचारलं.

“बोलू नकोस म्हणालीस.”

“मी म्हणाले आणि तू ऐकलंस? ब्रेकवर तासतास भांडायचास, आणि इथे गप्प...” तिने दाराची चौकट धरली. “चुकलं माझं. तुझं ऐकून न घेताच बोलले. आणि आता... मला मंगळवार सहन होत नाही, लवू.”

“मला तर सगळेच वार,” तो हळूच म्हणाला. “दमयंती... लग्न करशील माझ्याशी?”

“असं? साबण लावून?”

“पुसून परत विचारू?”

“नको. तू पुसत बसलास की संध्याकाळ होईल.” ती थांबली. “करीन. पण भांडणार मी. रोज.”

“चाय टाकतंय,” दगडू आतून म्हणाले. “भांडाक आत येवा.”

दमयंतीने चपला काढल्या आणि आत गेली.